घड्याळजीचे भिंग आणि मधाचा खडा

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. शाळेच्या प्रयोगशाळेत दांडीचे भिंग असते, तसा मी नव्हे. मी घड्याळजीचा. काळ्या शिंगाची एक छोटी वाटी आणि तिच्या बुडाशी बोराएवढी काच, एवढाच माझा संसार. मला हातात धरत नाहीत. डोळ्याच्या खोबणीत बसवतात आणि भुवईने दाबून धरतात. दांडी नसली तरी पाहण्याच्या कामात मी कुणाला हार जात नाही. ही बढाई नव्हे. म्हणजे, थोडीशी आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. कळू लागले तेव्हा मी हैदराबादच्या एका दुकानात कापसात गुंडाळून पडलो होतो. तिथून उदगीरचे घड्याळजी खाजामियाँ मला घेऊन आले. त्या वेळी उदगीर बीदर जिल्ह्यात होते. पुढे ते उस्मानाबाद जिल्ह्यात गेले आणि त्याच्याही पुढे लातूर जिल्ह्यात. गावाचे तीन जिल्हे झाले, मी मात्र उदगीरचाच राहिलो.

खाजामियाँच्या मागे दुकान त्यांच्या मुलाकडे, निजामोद्दीनकडे आले. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांच्या डोळ्याला लागून मी काय काय पाहिले म्हणून सांगू! चांगल्या घड्याळाच्या पोटात माणके असतात, हे तुम्हाला माहीत आहे का? चाकांचे आस झिजू नयेत म्हणून मोहरीपेक्षा लहान तांबडे खडे आत बसवलेले असतात. इतर भिंगे पंचांगातली बारीक अक्षरे वाचत होती, त्या काळात मी रोज माणके पाहत होतो. त्यामुळे खड्यांच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण धरायला हरकत नाही.

चाचांची एक पद्धत होती. तिच्यावरच ही सगळी गोष्ट उभी आहे, म्हणून नीट ऐका. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला ते दोऱ्याने जाड कागदाची चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर चार ओळी असत. नाव, गाव, तारीख आणि बिघाड. चिठ्ठी बांधल्याशिवाय ते घड्याळाचे झाकण उघडत नसत.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. पोटाला भाकर नाही तिथे घड्याळ दुरुस्त कोण करणार? टेबलावर धूळ साठली. लोक सरकारी कामांवर गेले. कुठे पाझर तलाव, कुठे रस्ता, कुठे नुसती खडी फोडायची. उदगीरजवळच्या अशाच एका खडीच्या कामावर चंद्रप्पा नावाचा मुकादम होता. त्याच्या मनगटी घड्याळावर शेकडो माणसांची जेवणाची सुट्टी चालत असे. खडीची धूळ आत गेली आणि ते घड्याळ बंद पडले. सुट्टी केव्हा झाली हे कळेना आणि भांडणे सुरू झाली. तेव्हा चंद्रप्पाने चाचांना कामावरच बोलावून घेतले. एका बाभळीखाली पेटी उघडून चाचा बसले आणि मी त्यांच्या डोळ्याला लागलो.

घड्याळ सुरू झाले. पण धूळ कुठे जाते? आठ दिवसांनी ते पुन्हा बंद पडले. त्यामुळे दर आठवड्याला आमची तिथे फेरी ठरून गेली.

अशाच एका फेरीत सात-आठ बायका घोळक्याने बाभळीखाली आल्या. पुढे होती भामाबाई. उदगीरच्या बौद्ध वस्तीतली, सातवी शिकलेली, पंचविशीची. दगड फोडताना एका काळ्या पाषाणाच्या पोकळीत तिला चकाकणारा खडा सापडला होता. हिरा सापडला म्हणून कामावर गलबला झाला होता. चाचांनी मला डोळ्याला लावले. खडा बोटाएवढा, पाण्यासारखा स्वच्छ, सहा बाजूंचा, वर टोक. चाचांनी पेटीतली तेलाची रिकामी बाटली घेतली आणि खड्याचे टोक तिच्यावर ओढले. काचेवर पांढरी रेघ उमटली. बायका आणखी जवळ सरकल्या.

पण चाचा कुणाला खोटी आशा लावणारे नव्हते. त्यांनी सांगितले, काच तर साधी गारगोटीही कापते, आणि सहा बाजू गारगोटीच्याच जातीला असतात. हा स्फटिक आहे. हिरा नव्हे. ऐकल्याबरोबर घोळका पांगला. कामावरचा पौष्टिक खाऊ, म्हणजे सुकडी, वाटायची वेळ झाली होती आणि ती चुकवून चालणार नव्हते.

भामाबाई मात्र तिथेच उभी राहिली. तिने विचारले, "मला बघू द्याल का त्या भिंगातून?"

माझ्या आयुष्यात खड्याची किंमत विचारणारे पुष्कळ आले, मित्रांनो. नुसते पाहू द्या म्हणणारी ती पहिलीच. चाचांनी मला तिच्या डोळ्याशी कसे बसवायचे ते दाखवले. दोन-तीनदा मी खाली पडलो, कारण भुवई दाबायची सवय लागते. चौथ्यांदा मी टिकलो. खड्याच्या आत एक सूक्ष्म भेग होती आणि उन्हात तिच्यात इंद्रधनुष्याचे रंग खेळत होते. ते पाहून भामाबाई कितीतरी वेळ हललीच नाही. तिची सुकडी त्या दिवशी बुडाली.

तेव्हापासून दर आठवड्याला तिच्या ओच्यात काहीतरी असायचे. पट्ट्यापट्ट्यांचा अकीक असायचा, हिरवट चुरा असायचा, पांढऱ्या सुयांचा झुबका असायचा. चाचांनी तिला आपल्याकडच्या कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. त्या चार ओळींतच खडेही बसवायचे ठरले. चाचा उर्दूत लिहीत, ती मराठीत. नाव माहीत नसेल तर रंग लिहायचा, उगाच मोठे नाव द्यायचे नाही. गाव आणि तारीख चुकवायची नाही. खडा तुटका असेल, चरा पडला असेल, तर बिघाडाच्या ओळीत तसे लिहायचे. खड्याला बोटे फिरवायची नाहीत, कडेने धरायचे. हे सगळे नियम चाचांचे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या घालून तिने खड्यांना जागा केली. छंद सुरू करायला एवढे पुरते.

दुष्काळ सरत आला तेव्हा कामाच्या कडेला एक विहीर खणत होते. सुरुंग उडाला आणि दगडात नारळाएवढी पोकळी उघडी पडली. चाचा आणि भामाबाई दोघेही तिथे होते. आत मधाच्या रंगाचा, मुठीएवढा, आरपार दिसणारा खडा बसलेला होता. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या माणकांना त्याने मागे टाकले, आणि मी सहजासहजी कुणाचे कौतुक करत नाही. नाव कुणालाच माहीत नव्हते. भामाबाईने चिठ्ठीवर लिहिले, "मधाचा खडा". खाली गाव, तारीख. शेवटच्या ओळीत, "बिघाड: नाही".

खडा कुणाचा? दोघेही म्हणायचे, तुमचाच. शेवटी ठरले की भीमजयंतीपासून ईदेपर्यंत तो भामाबाईकडे राहील आणि ईदेपासून भीमजयंतीपर्यंत चाचांकडे. ईद दर वर्षी थोडी अलीकडे येते, त्यामुळे वाटणी कधीच सारखी झाली नाही. ती सारखी व्हावी असे दोघांनाही वाटले नाही.

पाऊसपाणी बरे झाले. भामाबाईला बालवाडीत शिकवायचे काम मिळाले. पण चाचांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी बारीक चाके दिसेनात, मग काटे दिसेनात, मग समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागू लागला. दुकान बंद झाले. शेवटच्या दिवशी चाचांनी मला फडक्याने पुसून भामाबाईच्या हातात ठेवले. भिंग तू वापर, पण दर जुम्म्याला येऊन काय काय पाहिलेस ते मला सांग, एवढीच त्यांची अट होती.

पहिल्याच दिवशी तिने मला आणि स्फटिकाला एका पिशवीत घातले. बाटली कापणारा तो, मला कसा सोडेल? माझ्या काठाजवळ चरा पडला. मी फार चिडलो होतो. पण दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन चाचांकडे गेली आणि चूक सांगून आली. चाचा हसले. तुम्ही मात्र भिंग नेहमी वेगळ्या फडक्यात ठेवा, माझे चरे सगळ्यांनीच हसण्यावारी नेलेले मला परवडणार नाही.

दर शुक्रवारी नमाज आटोपून चाचा ओसरीवर बसत. भामाबाई एकेक खडा मला लावून पाही आणि दिसेल ते सांगे. कुठे किती पट्टे, कुठली पट्टी तांबूस, कुठे बुडबुड्याएवढे भोक. चाचा डोळे मिटून ऐकत. मध्येच विचारत, "डाव्या कोपऱ्यात काय हाय?" ती पुन्हा पाही आणि सांगे. त्यांचे डोळे गेले होते, पण पाहणे सुटले नव्हते. ते तिच्या शब्दांवर चालले होते. माझ्या सगळ्या कामांत हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते.

आणि इथेच, मित्रांनो, घोटाळा झाला.

१९७६ ची ईद जवळ आली होती. मधाचा खडा चाचांकडे पाठवायचा होता. भामाबाईने घरातली तांब्या-पितळेची भांडी घासायला चिंच भिजत घातली होती. सणाच्या दिवशी वस्तू लख्ख असावी, म्हणून खड्यालाही तेच करावे, असे तिच्या मनात आले. तिच्या आईने, आजीने चिंचेनेच सगळे उजळले होते. सकाळी तिने खडा चिंचेच्या कोळात ठेवला आणि ती बालवाडीला गेली. मी फळीवरून पाहत होतो. खड्याच्या अंगावरून बारीक बुडबुडे निघत होते. ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

दुपारी ती आली. कोळात बुडालेली खड्याची बाजू पांढरट, खरबरीत झाली होती, दूध सांडून वाळल्यासारखी. वर राहिलेली बाजू जशीच्या तशी होती. तिने पाण्याने धुतले, पदराने पुसले, तेलाचा हात लावला. गेलेली चमक परत आली नाही. मला डोळ्याला लावून तिने पुन्हा पुन्हा पाहिले. मी काय करणार? जे होते तेच दाखवले.

ईदेला तिने खडा एका वाटीत कापसावर ठेवला. चांगली बाजू वर, मेलेली बाजू खाली. चाचांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली. खड्याला बोटे फिरवायची नाहीत, हा त्यांचाच नियम. त्यांनी विचारले, कसा दिसतो? भामाबाईने सांगितले, "मधावानी. पल्याडचं समदं दिसतंय." चिठ्ठीतला "नाही" तसाच राहिला.

नंतर सहा वर्षे हेच चालले. इतर खड्यांबद्दल ती केसाइतकेही खोटे बोलली नाही. या एकाबद्दल मात्र दर वेळी तेच वाक्य. चाचा खूश होत आणि ती घरी येताना वाटेत कुणाशी बोलत नसे. तिची भीती मला कळत होती. हा खडा जाईल, भिंग जाईल, ही तिची भीती नव्हती. एकदा चाचांना कळले की मग तिच्या कुठल्याच शब्दावर त्यांचा विश्वास राहणार नाही, त्यांचे उरलेसुरले पाहणे संपेल, ही भीती होती. मला तिचा राग येई आणि कीवही येई.

१९८२ च्या पंधरा ऑगस्टला लातूर नवा जिल्हा झाला. दिवाळीनंतर लातूरच्या एका शाळेत नव्या जिल्ह्याची ओळख करून देणारे प्रदर्शन भरायचे होते. उदगीरच्या मन्मथ गुरुजींना भामाबाईच्या डब्याची माहिती होती. त्यांनी तिच्या एक्केचाळीस खड्यांसाठी एक टेबल मागून घेतले. फक्त चिठ्ठ्या नव्या हव्यात, असे त्यांनी बजावले. जुन्या सगळ्यांवर "जि. उस्मानाबाद" होते.

शुक्रवारी ती डबा घेऊन चाचांच्या ओसरीवर बसली. जुनी चिठ्ठी वाचायची, खडा पाहायचा, नवी लिहायची. चाचा मोठ्या खुशीत होते. प्रत्येक गावाच्या नावाला त्यांना काही ना काही आठवे. चाळीस चिठ्ठ्या झाल्या. मग चाचा उठले, भिंतीच्या आधाराने आत गेले आणि वाटी ओंजळीत धरून घेऊन आले. म्हणाले, "आता आपल्या खड्याची वाच."

तिने वाचले. मधाचा खडा. गाव. तारीख. मग ती थांबली. "बिघाड?" चाचांनी विचारले.

तिने मला डोळ्याला लावले. तिच्या पापण्यांचा ओलावा माझ्या काचेला लागला. मग सहा वर्षांत पहिल्यांदा तिने खडा उलटा केला.

"चाचा, बिघाडात 'नाही' लिवलंय. ते खोटं हाय." तिचा आवाज स्थिर होता. "तुम्हाला ईदेला द्यायचा म्हणून म्या चिंचेत घातला. एक बाजू मेली. चांगली बाजू वर करून दिली. तुम्हाला दिसत न्हाई म्हणून ते जमलं."

चाचांनी हात पुढे केला. तिने खडा हातावर ठेवला. आपलाच नियम मोडून त्यांनी खरबरीत बाजूवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"दर जुम्म्याला तू सांगत होती आन् मी बघत होतो," मग ते म्हणाले. "सहा साल मी काय बघितलं मग?"

मला वाटले, संपले आता सगळे.

"बाकीचे चाळीस?" चाचांनी विचारले.

"ते समदे खरे सांगितले. एकबी शब्द खोटा न्हाई."

चाचांनी खडा वाटीत ठेवला. मेलेली बाजू वर ठेवली. मग हळूहळू बोलू लागले. "उमरभर चिठ्ठ्या लिहिल्या म्या. ज्या घड्याळाचं चाक माझ्याच चिमट्यानं मोडलं, त्याच्या चिठ्ठीवर 'माल पुराना' लिहिलं. एक बार न्हाई, लई बार. गिऱ्हाईक काय बघणार आत?" मग ते भामाबाईकडे वळले. "माझ्यानं झालं न्हाई ते तू केलं. लिही. चिंच लिही, बुडबुडे लिही, समदं लिही. आन् ते भिंग आता माझं म्हणू नको. तुझंच हाय."

तिने लिहिले. मांडीवर कागद ठेवून लिहिल्याने अक्षर वाकडे आले. ती चिठ्ठी बदलायला तिने नंतरही नकार दिला. "बिघाड: चिंचेच्या कोळात ठेवल्याने बुडबुडे आले, एका बाजूची चमक गेली. चूक भामाबाईची."

प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी लोक थांबले ते त्याच चिठ्ठीपाशी. काही जण हसले. एक बाई म्हणाल्या की असे कुणी लिहून ठेवते का, खडा नुसता उलटा ठेवायचा. भामाबाईचे कान लाल झाले, पण तिने खडा उलटा ठेवला नाही. दुपारी एक वयस्कर प्राध्यापक आले. भूगर्भशास्त्र शिकवणारे होते. चाळीस खड्यांवरून नजर फिरवून ते एक्केचाळिसाव्याशी आले, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग त्यांनी खड्याच्या बुडाचा सुटलेला कण मागितला, शाळेच्या स्वयंपाकघरातून लिंबू आणवले आणि कणावर थेंब पिळला. बुडबुडे आले. मी स्वतः पाहिले, कारण त्यांनी मलाच डोळ्याला लावले होते.

"आंबट लागले की असे बुडबुडे सोडतो, म्हणजे हा कॅल्साइट आहे, बाई," ते म्हणाले. "तुम्ही चिंचेचे लिहिले नसते तर मी याला नुसता पाहून पुढे गेलो असतो."

नऊ-दहा वर्षे ज्या खड्याला नाव नव्हते, त्याला बिघाडाच्या ओळीने नाव मिळवून दिले. पुढच्या शुक्रवारी भामाबाईने चाचांना सांगितले. चाचांनी तो शब्द तीन-चारदा उच्चारून पाहिला. मग म्हणाले, "आता बघ आन् सांग. मेलेली बाजू कशी दिसती?" तिने मला लावले आणि सांगू लागली. खरबरीत कशी, कुठे खळगे, खळग्यात प्रकाश कसा अडकतो. चाचांनी डोळे मिटले होते आणि ते पाहत होते.

चाचा आता नाहीत. भामाबाई थकली आहे, पण तिच्या डब्यात दीडशेच्या वर खडे झाले आहेत आणि ते पाहायला मुले अजून येतात. तुम्हीही या, मित्रांनो. नाही जमले तर तुमच्याच गावात सुरुवात करा. नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यापाशी मालकाला विचारून जा, विहिरीच्या काठाशी मात्र जाऊ नका. नदीच्या कोरड्या पात्रात पाहा, रस्त्याकडेच्या खडीत पाहा. एक रिकामा डबा, थोड्या चिंध्या, एक साधे भिंग आणि दोरा बांधलेल्या चिठ्ठ्या जवळ ठेवा. आपल्या पायाखालचा काळा पाषाण दिसतो तेवढा कोरडा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

आणि चिठ्ठीवरची चौथी ओळ मोकळी सोडू नका. भामाबाईने एक चिठ्ठी माझ्याही गळ्यात बांधली आहे. नाव: घड्याळजीचे भिंग. गाव: उदगीर, जि. लातूर. तारीख: माहीत नाही. बिघाड: काठाजवळ चरा, भामाबाईच्या हातून. मला हातात घ्याल तेव्हा पुसा, कापसात ठेवा, जपा. पण ती चिठ्ठी मात्र सोडू नका.